मळ्याच्या राखणीला थोराड कुत्रा की टेरियर?

दिंडोरी तालुक्यात हल्ली मळ्याला मळा लागून वस्ती झाली आहे. गावठाणातले घर भाऊबंदांना सोडून माणसे शेतात राहायला गेली, बंगले बांधले, द्राक्षबागा उभ्या केल्या. कादवेच्या काठाने आणि पालखेड, करंजवण, वाघाड, ओझरखेड या धरणांच्या पाण्यावर ऊसही वाढला. मळ्यात राहायचे म्हटले की राखणीचा प्रश्न आलाच. विहिरीवरची मोटार, केबल, ठिबकचे व्हॉल्व्ह, गोठ्यातली जनावरे, बागेतला माल, आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे घरातली लेकरे. म्हणून प्रत्येक वस्तीवर कुत्रा असतो. पूर्वी तो आपोआप असे. कुणाची तरी कुत्री व्याली की एक पिल्लू उचलून आणायचे, भाकरीचा तुकडा टाकायचा, की झाली राखण. आता तसे राहिलेले नाही. द्राक्षाचे दोन पैसे हातात आले की पोरे नाशिकहून किंवा पुण्याहून पिल्लू आणतात. कुणी रॉटविलर आणतो, कुणी जर्मन शेफर्ड, कुणी दक्षिणेकडचा राजापालयम. त्यासाठी पाच आकडी रक्कम मोजायलाही मागेपुढे पाहत नाहीत. दुसरीकडे घरातली बाई म्हणते, ‘एवढं धूड कशाला? बारकं एखादं आणा, घरात वावरणारं.’ मग टेरियरसारख्या लहान जातीचे नाव निघते.

हा वाद गमतीचा वाटेल, पण तो आता तसा राहिलेला नाही. त्याला कारण बिबट्या.

बिबट्या आपल्याकडे नवा नाही. पण ऊस वाढला तसा तो जंगलातून उसात आला, उसातच व्यायला लागला आणि ऊसतोडीच्या वेळी फडात बछडी सापडणे ही दरवर्षीची बातमी झाली. तो उसात खातो काय, याचे उत्तर आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातून मिळालेले आहे. सिन्नर आणि इगतपुरीला लागून असलेल्या या तालुक्यात (जिल्हा तेव्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर) विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या एकूण खाण्यापैकी वजनाने ८७ टक्के भाग पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी शेळीचा वाटा ११ टक्क्यांवरच राहिला. कारण सरळ आहे. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, कुत्रा बाहेर असतो.

म्हणजे ज्याला आपण राखणदार म्हणून बांधतो, तोच बिबट्याचे पहिले खाद्य आहे. वस्तीवर बिबट्या येतो तो पुष्कळदा कुत्र्यासाठीच येतो आणि ज्या ओट्याशी कुत्रा बांधलेला असतो त्याच ओट्यावर उकाड्याच्या दिवसांत लेकरे झोपलेली असतात. हे एकदा ध्यानात घेतले की थोराड की बारका, या प्रश्नाचे रूपच बदलते.

थोराड कुत्र्याबद्दल पहिला गैरसमज असा की तो बिबट्याला हुसकावून लावील. वजनाचा हिशेब मांडून पाहावा. चांगला पोसलेला जर्मन शेफर्ड तीस-पस्तीस किलोचा. रॉटविलर चाळीस-पन्नास किलोपर्यंत जातो. बिबट्याचा पूर्ण वाढलेला नर पन्नास ते सत्तर किलोचा आणि मादी तीस-पस्तीस किलोची असते. मादीशी वजनाची बरोबरी झाली म्हणून समाधान मानायचे असेल तर मानावे. पण बिबट्याला कुस्ती खेळायची नसते. तो दबा धरतो, पाठीमागून येतो, नरडे धरतो आणि फरफटत उसात नेतो. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळायलाही जागा नसते. साखळीने त्याचे वजन, त्याची ताकद, त्याची पाच आकडी किंमत सगळे वाया जाते.

‘आमचा एकटाच दोघा-तिघांना भारी आहे’ असे कुत्र्याबद्दल अभिमानाने सांगणारे भेटतात. माणसांच्या बाबतीत ते खरेही असेल. थोराड कुत्र्याचा खरा उपयोग तिथेच आहे. मोटार आणि केबल चोरणारा माणूस अंगणात मोठा कुत्रा दिसला की शेजारचा मळा बघतो. चोराला कुत्र्याचा आकार दिसतो, नुसता आवाज पुरेसा होत नाही. ज्याची वस्ती रस्त्याला लागून आहे, पंप-स्टार्टर वारंवार चोरीला जातात, त्याला थोराड कुत्र्याचा फायदा आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण माणसाला भिवविणारा कुत्रा कोणत्या माणसाला भिववायचे हे स्वतः ठरवत नाही. आपल्या बागांत छाटणीपासून खुड्यापर्यंत सहा-सात महिने मजुरांचा राबता असतो. पेठ, सुरगाणा आणि आपल्याच ननाशी पट्ट्यातली माणसे बायकापोरांसह वस्तीवर येऊन राहतात. दर पंधरवड्याला टोळी बदलते, चेहरे बदलतात. वर्षभर चार माणसांत वाढलेला मोठा कुत्रा अशा वेळी सुटला आणि मजुराच्या लेकराच्या अंगावर गेला, तर काय होते ते सांगायला नको. लहान जातीचा कुत्रा चावतो तेव्हा पोटरीला दात लागतात. मोठा कुत्रा चावतो तेव्हा मूल दगावू शकते. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ मालकावर जबाबदारी टाकते. जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस पाटलांनी हे कलम वस्त्यांवर एकदा वाचून दाखवायला हरकत नाही. दंडाची रक्कम बागायतदाराला किरकोळ वाटेल. पण मजुरांच्या टोळीत ‘त्या मळ्यात कुत्रा सोडतात’ अशी वार्ता पसरली तर ऐन खुड्यात माणूस मिळायचे नाही.

आता टेरियरबद्दल.

टेरियर हा एकच कुत्रा नाही, तो कुत्र्यांचा एक घराणा आहे. लॅटिन भाषेत जमिनीला ‘टेरा’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. बिळात शिरून, जमीन उकरून, कोल्हा, घूस, उंदीर बाहेर काढायचे किंवा तिथेच मारायचे, यासाठी इंग्रजांच्या मुलुखात ही कुत्री तयार झाली. जॅक रसेल टेरियर हे नाव तर एका पाद्र्याचे आहे. एकोणिसाव्या शतकात डेव्हन परगण्यात जॉन रसेल नावाचा पाद्री होता, त्याला शिकारीचा नाद होता, त्याने ही पैदास केली. वजन सहा-आठ किलो, अंगात आग. असा कुत्रा उंदीर धरतो, मानेला झटका देतो, टाकतो आणि दुसऱ्यामागे लागतो. मांजरासारखा खेळत बसत नाही. पेंडीची खोली, मक्याची आणि सोयाबीनची थप्पी, कोंबड्यांचे शेड, ठिबकच्या नळ्यांचे वेटोळे ठेवलेली खोली, या सगळ्या ठिकाणी घूस आणि उंदीर किती नासधूस करतात ते कुणाला सांगायला नको. नळ्या कुरतडल्या की ऐन उन्हाळ्यात बागेत कुठे तळे तर कुठे कोरडे. अशा घरी टेरियर म्हणजे खरोखर कामाचा गडी.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ज्यांचा माल निर्यातीला जातो त्यांच्या पॅकहाऊसमध्ये कुत्रा, मांजर कुणालाच मज्जाव असतो. तिथे टेरियर उंदीर धरतो म्हणून सोडला तर तपासणीला आलेला माणूस त्यावरच बोट ठेवील. आणि दुसरे म्हणजे उकरणे त्याच्या रक्तात आहे. घुशीचे बीळ आणि द्राक्षाच्या वेलीचा बोध यांतला फरक त्याला शिकवावा लागतो. नाही शिकवला तर घुशीने केले नसेल इतके नुकसान तो करतो.

शिवाय आपल्याकडे ‘टेरियर’ म्हणून जे विकले जाते ते टेरियर असतेच असे नाही. झिपऱ्या पांढऱ्या कुत्र्याला आपण सर्रास पामेरियन म्हणतो. तो बहुधा स्पिट्झ असतो. भुंकायला पक्का, पण घुशीच्या बिळात नाक घालायची त्याची जात नाही. नावावर जाऊच नये. पिटबुल टेरियर याच्याही नावात टेरियर आहे आणि तो लहान तर नाहीच, गरीबही नाही. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी परिपत्रक काढून ज्या जातींना परवाने देऊ नका असे राज्यांना कळवले होते, त्यांत पिटबुल टेरियरही होता आणि रॉटविलरही. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द ठरवले, कारण संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढले होते. न्यायालयाने परिपत्रक रद्द केले, त्या कुत्र्यांच्या जबड्यातली ताकद कमी केली नाही, हे पिल्लू विकत घेणाऱ्याने ओळखून असावे.

खाण्याचा हिशेब

मोठा कुत्रा पोसायला चौपट लागतो, असे बोलले जाते. तितके लागत नाही. तीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण चौदाशे कॅलरी लागतात, आठ किलोच्या कुत्र्याला सव्वापाचशे ते साडेपाचशे. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे शंभर ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर मोठ्याला चार भाकऱ्यांचे आणि बारक्याला दीड भाकरीचे अन्न झाले. वजन चौपटीच्या जवळ आणि अन्न पावणेतीन पट. अर्थात नुसत्या भाकरीवर कुत्रा जगतो, पण राहत नाही. अंडे, ताक, मटणाच्या दुकानातले उरलेसुरले शिजवून काहीतरी द्यावेच लागते. औषधपाण्यात मात्र मोठा कुत्रा महागच पडतो, कारण औषधाची मात्रा वजनावर असते. आयुष्याचा हिशेब उलटा आहे. थोराड जातीचा कुत्रा आठ-दहा वर्षे जगला तर भरपूर झाले. टेरियर तेरा-पंधरा वर्षे सहज काढतो. जर्मन शेफर्डच्या कमरेचे सांधे उतारवयात जातात. दाट केसांच्या थंड मुलुखातल्या कुत्र्यांची चैत्र-वैशाखात जी तगमग होते ती बघवत नाही. हस्की आणि सेंट बर्नार्ड दिंडोरीत आणणाऱ्याला एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता घोंगडे पांघरून बांधावर बसवावे.

इथे आपल्याच मातीतल्या थोराड कुत्र्याबद्दल चार शब्द बोलले पाहिजेत. मराठवाड्यातला कारवानी आणि कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ ही कुत्री उंच, सडपातळ, पळायला वाऱ्यासारखी. अंगावर केस कमी, ऊन सोसणारी. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात या जातीची निगा राखली गेली. आता मुधोळजवळ तिम्मापूरला या कुत्र्यांसाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये मुधोळ, राजापालयम, चिप्पीपराई या देशी जातींची नावे घेतली, तेव्हापासून मागणी वाढली. पण हा कुत्रा पळून पकडणारा आहे. डोळ्याला हललेले दिसले की तो सुटतो. एका जागी बसून राखण करणे हा त्याचा मूळ धंदा नव्हे. आणि सशामागे किंवा रानडुकरामागे मुद्दाम सोडाल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे ती शिकार होते. ‘कुत्र्यानं धरला, मी कुठं धरला’ हे उत्तर वनखाते ऐकत नाही.

थोराड कुत्रे खरोखर हिंस्र प्राण्याला थोपवतात का, याचा एक नमुना परदेशात आहे. आफ्रिकेतल्या नामिबियात (जिथून सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या कुनोला चित्ते आले) शेतकरी शेळ्या-मेंढ्या मारतो म्हणून चित्त्याला गोळी घालत. तिथल्या चित्ता संवर्धन संस्थेने १९९४ पासून त्यांना तुर्कस्तानच्या कंगाल जातीचे कुत्रे द्यायला सुरुवात केली. नुकसान पुष्कळ कमी झाले. पण त्यातली मेख बघा. पिल्लू दीड-दोन महिन्यांचे असल्यापासून शेळ्यांच्या कळपात वाढवतात. ते कळपालाच आपले घर समजते, दिवसभर त्याच्यासोबत मोकळे असते. मोठा आवाज आणि मोठे अंग पाहून चित्ता निघून जातो, कारण चित्ता मुळात भांडण टाळणारा. बिबट्या तसा नाही, आणि रात्री वस्तीवर साखळीला बांधलेला रॉटविलर म्हणजे कंगाल नाही. आपल्याकडे याच्या जवळपास कुणी असेल तर मेंढ्यांच्या वाड्यावरचा धनगराचा कुत्रा. त्याला कुणी शिकवायला जात नाही. तो मेंढरांतच जन्मतो. हिमाचलकडचे मेंढपाळ तर बिबट्यासाठी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, म्हणजे नरडे धरता येत नाही. हा पट्टा आपल्याकडेही लोहाराकडून करून घेता येतो, आणि थोराड कुत्रा ठेवायचाच असेल तर जरूर करावा. २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या पिंपरखेडला (ता. शिरूर) शेतात जाणाऱ्या बायामाणसांनी तसले खिळ्यांचे पट्टे स्वतःच्या गळ्यात घातले, तेव्हा पट्ट्याची गोष्ट कुत्र्यापुरती राहिली नाही हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

रात्र कुठे काढणार?

आमचे मत असे आहे की कुत्र्याची जात ठरवण्याआधी तो रात्री कुठे झोपणार हे ठरवावे. बिबट्याच्या मुलखात कुत्र्याचे काम खबर देण्याचे आहे, झुंजण्याचे नाही. आणि खबर आतूनही देता येते. टेरियर किंवा लहान गावठी कुत्रा घरात, पडवीत जाळीच्या दाराआड झोपतो आणि बाहेर पान हलले तरी घर डोक्यावर घेतो. माणूस उठतो, दिवा लावतो, बॅटरी मारतो, फटाका वाजवतो. बिबट्याला तेवढे पुरे होते. लहान कुत्र्याचा मोठा गुण हा, की त्याला रात्री आत घ्यायला कुणाला जड जात नाही. थोराड कुत्र्याला घरात घ्यायला घरातले तयार नसतात, म्हणून तो बाहेर राहतो आणि बाहेर राहतो म्हणून मारला जातो. थोराडपणापेक्षा हे बाहेर राहणेच त्याच्या जिवावर येते.

म्हणून ज्याला थोराडच पाहिजे त्याने आधी पिंजरा बांधावा, मग पिल्लाचा शोध घ्यावा. खाली दोन-अडीच फूट विटांचे बांधकाम, म्हणजे जाळीतून पंजा आत घालता येणार नाही. वर अँगलच्या चौकटीत वेल्डेड जाळी. कोंबड्यांची पातळ जाळी बिबट्या पंज्याने फाडतो, ती चालत नाही. वरून छत पक्के पाहिजे, कारण सहा-सात फुटांची भिंत त्याला काहीच नाही. कडी बाहेरून. कुत्र्याला उभे राहून वळता येईल एवढी जागा आणि आत पाणी. दिवसा मोकळा, रात्री पिंजऱ्यात. शेळ्यांसाठी आपण हे करायला लागलो आहोत, कुत्र्यासाठी करायला जीव होत नाही. गाय, बैल, शेळी, मेंढी बिबट्याने मारली तर पंचनामा होऊन शासनाची भरपाई मिळते, त्या यादीत कुत्र्याचे नाव नाही. चाळीस हजारांचे पिल्लू उसात गेले की गेले. दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवणे हे तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसत नाही. बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि सुटला की चावतो, हा त्यातला व्यवहार.

रात्रीच्या पाळीला वीज आली की मोटार चालू करायला जाताना पुष्कळ जण कुत्र्याला सोबत नेतात. सोबत हवीच असेल तर माणसाची न्यावी. कुत्रा पुढे पळतो, अंधारात काही दिसले की घाबरून मालकाच्याच पायांत येतो, आणि ज्याला पाहून तो घाबरला तेही त्याच्यामागे आले तर? हातात काठी, घुंगराची असली तर उत्तम, मोबाइलवर गाणे मोठ्याने लावलेले आणि जोडीला दुसरा माणूस, हे कोणत्याही जातीच्या कुत्र्यापेक्षा भरवशाचे. बिबट्या दिसला, बछडी सापडली तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. घोळका करून उसात शिरू नये.

द्राक्ष आणि कांदा

आता एक गोष्ट अशी, की जी दिंडोरीच्या प्रत्येक कुत्रेवाल्याला माहीत असायला हवी आणि फारच थोड्यांना आहे. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे. सगळ्याच कुत्र्यांना सारखे बाधत नाही, पण ज्याला बाधते त्याच्या मूत्रपिंडावर येते. आधी उलट्या, मरगळ, मग एक-दोन दिवसांत लघवी बंद. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवले. आपल्याकडे द्राक्षाचे भाव पडले की खुडलेला माल बांधावर, शेडजवळ पडून असतो, मण्यांची विरळणी झाली की खाली सडा असतो, बेदाण्याचे शेड उघडे असते. मालक कौतुकाने म्हणतो, ‘आमचा कुत्रा द्राक्षं खातो!’ पंचवीस-तीस किलोच्या कुत्र्याला जेवढ्याने काही होणार नाही तेवढ्यात सहा किलोच्या टेरियरचा जीव जाऊ शकतो. कांद्याचेही तसेच. कच्चा असो की रश्शातला, कांदा कुत्र्याचे रक्त पातळ करतो, म्हणजे तांबड्या पेशी फुटतात. घरातले उरलेले कालवण भाकरीवर ओतून कुत्र्यापुढे सरकवायची सवय मोडली पाहिजे. नाशिक जिल्ह्याने जगाला जी दोन पिके पुरवली ती दोन्ही आपल्या कुत्र्याला चालत नाहीत, याला काय म्हणावे?

टेरियर उंदराच्या मागे असतो म्हणून त्याला आणखी एक धोका. ज्या वस्तीवर झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात तिथे टेरियर ठेवू नये, किंवा टेरियर असेल तर गोळ्या ठेवू नयेत. विषाने मेलेला उंदीर खाऊन कुत्रा मरतो. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांवर निदान व्हिटॅमिन के-१ चा उतारा आहे, झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. उंदराच्या मुतातून लेप्टोचा आजार कुत्र्याला होतो आणि कुत्र्यापासून माणसाला, तेव्हा उंदीर मारणाऱ्या कुत्र्याला लेप्टोची लस टोचलीच पाहिजे. बिळात नाक घालणाऱ्याला घोणस आणि नाग यांचीही गाठ पडते. माणसाला देतात तेच सर्पविषावरचे इंजेक्शन कुत्र्यालाही चालते, पण लहान जिवाला वेळ फार थोडा मिळतो.

रेबीजची लस तर थोर-लहान दोघांना. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली, मग दरवर्षी. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची यांतले काही लावायचे नाही.

ग्रामपंचायतींनाही यात काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानके यांच्या आवारातून मोकाट कुत्री हलवायला सांगितले, तेव्हा चावडीवर पुष्कळ चर्चा झाली. पण पशु जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आधीच होती, आणि पाळलेल्या कुत्र्याची मालकाची. त्याहून सोपे काम म्हणजे उकिरडा. कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली पाखरे ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकली जातात. तिथे कुत्र्यांच्या झुंडी जमतात आणि झुंडींमागे बिबट्या येतो. खड्डा करून चुना टाकून पुरायला खर्च किती येतो? ग्रामसभेत ठराव करून पोल्ट्रीवाल्यांना बांधून घेतले, तर त्या गावच्या वस्त्यांवरचे निम्मे जागरण कमी होईल असे आम्हांस वाटते.

राहता राहिला आपला गावठी. चौदा-पंधरा किलोची गावठी कुत्री ऊन सोसते, उंदीरही धरते, परका ओळखते आणि फुकट मिळते. तिची नसबंदी करून, लस टोचून, रात्री आत घेतली तर दिंडोरीतल्या बहुतेक वस्त्यांना ना रॉटविलरची गरज आहे ना जॅक रसेलची. तरी ज्याला जातिवंतच हवा, त्याने चोराची भीती जास्त असेल तर थोराड घ्यावा आणि घुशी-उंदरांचा उपद्रव जास्त असेल, मजुरांची वर्दळ असेल, लहान मुले असतील तर टेरियर घ्यावा. पिल्लू आणायचे ते पाडव्याच्या सुमारास आणावे. ऊसतोड उरकलेली असते, बागेचा खुडाही संपत आलेला असतो, घरातल्यांना त्याच्याकडे बघायला वेळ असतो. दोन महिन्यांचे पिल्लू आणले तर पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या सगळ्या लसी पुऱ्या होतात आणि पहिल्या रात्रीपासून पिंजऱ्यात किंवा पडवीत झोपवले तर तीच त्याची जागा होऊन बसते. दिवाळीनंतर फडात पुन्हा कोयते लागतील तेव्हा ते नऊ-दहा महिन्यांचे असेल आणि दिवेलागणीला त्याला हाक मारून आत घ्यावे लागणार नाही.